निळं अंडं : रंग कुठून येतो, आणि आपल्या परसात तो आणावा का?

तायांनो, ग्रामसंघाच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. मोबाइलवर निळ्या अंड्यांची टोपली दिसते. खाली लिहिलेलं असतं की या अंड्याला गावरानपेक्षा दुप्पट-तिप्पट भाव आहे, यात औषधी गुण आहेत, पिल्लं आमच्याकडे मिळतील, आधी पैसे भरा. मग कुणीतरी विचारतं, "हे खरं असतं का? गटातून कर्ज काढून घ्यावं का?"

निळं अंडं खरं असतं. जगात अशा कोंबड्या आहेत ज्या जन्मभर निळंच अंडं देतात. पण फोटोखाली जे लिहिलेलं असतं त्यातलं बरंचसं खरं नसतं. म्हणून पैशाची गोष्ट काढण्याआधी हा रंग येतो कसा ते समजून घेऊ. ते एकदा कळलं की कुणी फसवायला आलं तर आपल्यालाच चार प्रश्न विचारता येतात.

रंग खाण्यातून येत नाही

कोंबडीच्या पोटात अंडं तयार व्हायला साधारण २४ ते २६ तास लागतात. त्यातले वीसेक तास एकट्या कवचाला जातात. कवच मुळात चुन्याचं, म्हणजे पांढरंच. तपकिरी अंड्यात काय होतं, तर कवच बनून होत आलं की शेवटच्या काही तासांत त्यावर तपकिरी रंगाचा हात फिरतो, भिंतीला गेरू लावावा तसा. म्हणून तपकिरी अंड्याचं कवच आतून पांढरंच राहतं.

निळ्या अंड्याचं तसं नाही. तिथं कवच बनत असतानाच चुन्यात रंग मिसळत जातो. त्यामुळे कवच बाहेरून निळं आणि आतूनही निळं. या रंगद्रव्याचं नाव बिलिव्हर्डिन. नाव अवघड आहे, पण वस्तू आपल्या ओळखीची आहे. मुका मार लागला की चार-पाच दिवसांनी काळंनिळं हिरवट व्हायला लागतं ना, तो हिरवटपणा याच द्रव्याचा. रक्तातला लाल रंग मोडला की ते तयार होतं. प्रत्येक कोंबडीच्या अंगात ते असतं, पण निळं अंडं देणारी कोंबडी ते कवचात उतरवते, बाकीच्या उतरवत नाहीत.

हे का होतं ते २०१३ साली नीट कळलं. कोंबड्यांच्या एका फार जुन्या विषाणूचा तुकडा काही कोंबड्यांच्या वंशात कायमचा शिरून बसला आहे, आणि त्यामुळे कवच बनण्याच्या जागी हे द्रव्य जास्त येतं. विषाणू म्हटल्यावर घाबरू नका. हा आजार नाही, तो कुणाला लागत नाही, अंडं खाणाऱ्याला त्याचं काही होत नाही. आजीचे घारे डोळे नातीत उतरावेत तसा तो आईबापाकडून पिल्लात येतो, एवढंच.

तेव्हा अमुक पावडर खायला घाला, तमुक पाला घाला म्हणजे अंडं निळं होईल, असं कुणी सांगितलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. खाण्यानं रंग बदलतो तो बलकाचा. पिवळा मका, लसूणघास, शेवग्याचा पाला, अझोला खाल्लं की बलक गडद होतो. २०२० साली केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात एका घरच्या कोंबड्या हिरव्या बलकाची अंडी देत होत्या, त्याची देशभर चर्चा झाली. तिथल्या पशुवैद्यकीय विद्यापीठानं त्यातली कोंबडी नेऊन वेगळं खाद्य दिलं, तर बलक पुन्हा पिवळा झाला. म्हणजे तिथं करामत खाद्याची होती. कवचाचा निळा रंग असा खाद्य बदलून येत नाही आणि जातही नाही. फार तर उन्हाळ्यात, किंवा कोंबडी बरेच दिवस अंड्यावर राहिली की थोडा फिका पडतो.

आता औषधी गुणांचं. अमेरिकेत एके काळी ही अंडी कमी चरबीची, कमी कोलेस्टेरॉलची म्हणून विकली गेली. तपासलं तेव्हा तसं काही निघालं नाही. आतला पांढरा, आतला बलक, प्रथिनं सगळं इतर अंड्यासारखंच. गरोदर बाईला, अंगणवाडीतल्या लेकराला पांढऱ्या अंड्यातून जे मिळतं तेच निळ्यातून मिळतं. निळं अंडं विकायचं असेल तर रंग म्हणून विका, औषध म्हणून विकू नका.

ही कोंबडी मूळची कुठली?

दक्षिण अमेरिकेत चिली नावाचा लांबट देश आहे. त्याच्या दक्षिण भागात मापुचे नावाचे आदिवासी लोक राहतात. स्पॅनिश लोक त्यांना आराउकानो म्हणत, त्यावरून तिथल्या निळ्या अंड्याच्या कोंबडीला आराउकाना नाव पडलं. स्पेनचे कुक्कुटतज्ज्ञ साल्वादोर कास्तेयो यांनी १९१४ साली ती तिथं पाहिली आणि १९२१ साली हेग शहरात भरलेल्या पहिल्या जागतिक कुक्कुट परिषदेत तिची माहिती सांगितली. तेव्हापासून ती जगाला माहीत झाली. चीनमध्येही निळं अंडं देणाऱ्या स्वतंत्र गावठी जाती आहेत. इंग्लंडमध्ये या रक्तापासून क्रीम लेगबार नावाची जात तयार झाली, अमेरिकेत अमेरॉकाना.

चिलीत तेमुको शहराच्या आसपास मापुचे बाया आजही या कोंबड्या परसात पाळतात. आपल्यासारखंच, दिवसा मोकळ्या, रात्री खुराड्यात. तिथलं एक आपल्याला विचार करण्यासारखं आहे. मोठ्या पोल्ट्रीतली कोंबडी पांढरं नाहीतर तपकिरी अंडं देते, निळं देत नाही. त्यामुळे शहरातल्या गिऱ्हाइकाला निळं अंडं दिसलं की ते खेड्यातलं, परसातलं आहे असा भरवसा वाटतो आणि तो दोन पैसे जास्त देतो. आपल्याकडे तपकिरी अंड्याला "गावरान" म्हणून जो मान होता तोच हा. पण आपल्याकडे तपकिरी अंडं देणाऱ्या पोल्ट्रीच्या कोंबड्या आल्या, काही ठिकाणी पांढरी अंडी चहाच्या पाण्यात रंगवून विकली गेली, आणि गिऱ्हाइकाचा त्या रंगावरचा भरवसा उडाला. गिऱ्हाईक पैसे मोजतं ते भरवशाला, रंग ही फक्त त्याची खूण. पहिल्याच वर्षी कुणी रंगवलेली निळी अंडी बाजारात आणली तर ही खूणही गेली म्हणून समजा.

खरं-खोटं ओळखायची रीत सोपी आहे. अंडं फोडा, आतला पातळ पापुद्रा ओल्या बोटानं सोलून काढा, कवच उजेडात धरा. खऱ्या निळ्या अंड्याचं कवच आतूनही निळसर दिसतं. रंगवलेल्याचं आतून पांढरं दिसतं, आणि रंग कवचाला केसाएवढी चीर असेल तिथून शिरलेला दिसतो. हिरवट अंडं असेल तर त्याचं आतलं निळं आणि वरून तपकिरी हात, दोन्ही मिळून हिरवं. म्हणजे तेही खरंच.

कोंबड्याकडूनही रंग येतो

ही गोष्ट बहुतेकींना नवीन वाटते. कोंबडा अंडं देत नाही, मग त्याचा रंगाशी काय संबंध? संबंध निम्म्याचा आहे.

असं समजा की प्रत्येक पिल्लाला कवचाच्या रंगाच्या दोन चिठ्ठ्या मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. दोन्हींपैकी एकीवर जरी "निळा" लिहिलेलं असलं तरी ती तलंग मोठी होऊन निळसर अंडं देते. केंब्रिजचे शास्त्रज्ञ पनेट यांनी १९३३ साली हे दाखवून दिलं.

आता आपल्या परसातला हिशोब. दोन्ही चिठ्ठ्या निळ्या असलेला, म्हणजे अस्सल कोंबडा आणला आणि तो आपल्या गावरान कोंबड्यांवर सोडला, तर होणाऱ्या सगळ्या तलंगा निळसर अंडं देतील. कोंबडा अर्ध्या रक्ताचा असेल, एकच चिठ्ठी निळी, तर निम्म्याच तलंगा देतील. आणि त्या पहिल्या पिढीतल्या अर्ध्या रक्ताच्या नर-मादींची जोडी लावली तर चारातल्या तीन निळं देतील, एक साधं. पण सख्ख्या भावाबहिणींची जोडी लावू नका. दोन-तीन पिढ्या असं झालं की पिल्लं कमी निघतात आणि मरतुक वाढते. त्यापेक्षा दोघी जणींनी वेगवेगळ्या ठिकाणचे कोंबडे आणावेत आणि पुढच्या वर्षी आपसात बदलावेत.

आई कुठली घ्यायची यानंही फरक पडतो. जिचं अंडं पांढरट असतं तिच्या तलंगा साफ निळं अंडं देतात. जिचं अंडं गडद तपकिरी तिच्या तलंगांचं अंडं हिरवं होतं. दिसायला तेही छान, पण "निळं" म्हणून गिऱ्हाईक ठरवलं असेल तर मग वाद होतो.

नुसता कोंबडा बघून तो निळ्या रक्ताचा आहे की नाही हे सांगता येत नाही. विकणारा तुऱ्याकडे बोट दाखवतो, "बघा, बारीक दाण्याचा तुरा आहे, म्हणजे निळ्या अंड्याचा." आराउकानाचा तुरा तसा असतो हे खरं. पण आपल्या असीललाही तसाच तुरा असतो, आणि असील काही निळं अंडं देत नाही. कोंबडा कुठल्या अंड्यातून निघाला, त्याची आई आणि बापाच्या बाजूच्या कोंबड्या काय अंडं देतात, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. कळप बघायला जायची तयारी दाखवा. "फार्मवर कुणाला येऊ देत नाही" असं उत्तर आलं तर तिथंच थांबा. कानाजवळ पिसांचे झुबके असलेली आराउकाना फोटोत फार देखणी दिसते, पण दोन झुबकेवाल्यांची जोडी लावली तर चारातलं एक पिल्लू अंड्यातच मरतं. आपल्याला प्रदर्शनात मांडायची नाही, तेव्हा झुबक्यासाठी जास्त पैसे कशाला?

अजून एक अडचण फोटोत दिसत नाही. आपल्या वस्तीत सगळ्यांचे कोंबडे सगळीकडे फिरतात. कोंबडीच्या पोटात कोंबड्याचं बीज दोन आठवडे, कधी त्याहूनही जास्त टिकतं. म्हणून निळ्या रक्ताची पिल्लं हवी असतील तर निवडलेल्या सहा-आठ कोंबड्या आणि एक कोंबडा जाळीच्या आत ठेवावा लागतो, आणि पहिल्या तीन आठवड्यांची अंडी खायला किंवा विकायला काढून त्यानंतरचीच रवणाला ठेवायची. एवढी सोय नसेल तर शेजारणीच्या कोंबड्याची पिल्लं आपण निळी म्हणून वाढवू, आणि सहा महिन्यांनी पहिलं अंडं पडेल तेव्हा कळेल.

कर्जाचा हिशोब

गटातून पैसे उचलण्याआधी हा हिशोब बैठकीत मोठ्यानं वाचा. आकडे समजायला घेतलेत, तुमच्या भागातले घालून बघा.

उबवणीचं एक अंडं १५० रुपयांना, अशी १२ अंडी घेतली, १८०० रुपये. लांबून हादरे खात आलेली अंडी, त्यातली निम्मी उबली तर ६ पिल्लं. त्यात ३ नर धरा. राहिल्या ३ तलंगा. एखादी मुंगसानं नाहीतर घारीनं नेली तर २. म्हणजे एक तलंग ९०० रुपयांना पडली, खाद्य-औषध वेगळं. कोंबडे विकून काही येईल, पण त्यांनाही सहा महिने खायला घातलेलं असतं. आता निळ्या अंड्याला गावरानपेक्षा ५ रुपये जास्त मिळाले असं धरलं तर ९०० रुपये निघायला एका कोंबडीची १८० अंडी लागतात. वर्षाला १०० अंडी दिली तरी पावणेदोन वर्षं. तोवर ती टिकली पाहिजे आणि गिऱ्हाईकही टिकलं पाहिजे.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. या कामासाठी कर्ज काढू नये. ज्या बाईच्या दहा-पंधरा गावरान कोंबड्या आधीच नीट चालू आहेत, पिल्लांची मरतुक हातात आहे, अंड्याला जवळच गिऱ्हाईक आहे, तिनं स्वतःच्या नफ्यातून एक कोंबडा नाहीतर डझनभर अंडी आणून बघायला हरकत नाही. गटात दोघींनी करून बघावं, दहा जणींनी एकदम नको.

"पिल्लं घ्या, अंडी आम्हीच परत विकत घेऊ" ही हमी ऐकली की कान टवकारा. २०१९ साली सांगली, सातारा, कोल्हापूर भागात कडकनाथच्या नावानं हेच झालं. पक्षी महाग दिले, अंडी परत घेण्याचं वचन दिलं, आणि पुढं खरेदी थांबली. कित्येक घरांचे लाखो रुपये अडकले. दोष कडकनाथचा नव्हता. ती झाबुआ भागातली चांगली जात आहे, २०१८ साली तिच्या मांसाला भौगोलिक मानांकनही मिळालं. घात केला त्या खरेदीच्या हमीनं.

परदेशातून पिशवीत घालून आणलेली अंडी किंवा पिल्लं कुणी स्वस्तात देत असेल तर त्याच्या नादी लागू नका. बाहेरून जिवंत पक्षी किंवा उबवणीची अंडी आणायला सरकारची परवानगी आणि विलगीकरण लागतं, आणि ते उगाच नाही. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा मोठ्या पोल्ट्र्यांबरोबर आसपासच्या घरच्या कोंबड्याही माराव्या लागल्या होत्या.

आणलंच तर

नवीन पक्षी कुठूनही आणला, अगदी शेजारच्या तालुक्यातून, तरी २१ दिवस तो जुन्या कोंबड्यांत सोडायचा नाही. वेगळं डालगं, वेगळं पाण्याचं भांडं, आणि आधी जुन्यांना खायला घालून मग नव्यांकडे जायचं. एक आजारी कोंबडा आठवड्यात अख्ख्या आळीत मानमोडी पसरवतो. ज्या शेजारणीला निळ्या अंड्याशी काही देणंघेणं नाही तिच्याही कोंबड्या जातात, आणि तिच्या घरची आठवड्याच्या बाजाराची सोय त्या कोंबड्यांवरच असते.

लांबून आलेली अंडी लगेच कोंबडीखाली ठेवू नयेत. बोथट टोक वर करून एक दिवस गार जागी स्थिर ठेवावीत. एरवी घरची अंडी साठवायची तर आठवड्याच्या आत रवणाला लावावीत, उन्हाळ्यात तीन-चार दिवसांतच. त्यासाठी आपली गावरान खुडूक कोंबडीच उत्तम. वनराजा, ग्रामप्रिया या कोंबड्या अंडी जास्त देतात, पण सहसा खुडूक होत नाहीत. एका कोंबडीखाली १० ते १२ अंडी पुरे. सातव्या-आठव्या दिवशी अंधारात मोबाइलच्या बॅटरीवर अंडं धरून बघा, आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर पिल्लू आहे. निळ्या कवचातून उजेड कमी जातो, तेव्हा घाईनं "वांझ" म्हणून टाकू नका, दोन दिवसांनी पुन्हा बघा. २१व्या दिवशी पिल्लं निघतात.

लसीचं वेळापत्रक नेहमीचंच : ५ ते ७ व्या दिवशी लासोटा डोळ्यात थेंब, दोन आठवड्यांनी गंबोरो, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, सहा ते आठ आठवड्यांत देवीची आणि मानमोडीची आर-टू-बी, दोन्ही एकाच दिवशी नकोत, मध्ये आठवडा जाऊ द्या. लसीची कुपी १०० पिल्लांची असते आणि एकदा विरघळवली की तासा-दोन तासांत संपवावी लागते. बारा पिल्लांसाठी एकटीनं आणणं परवडत नाही. पशुसखीला सांगून आळीतल्या सगळ्यांची पिल्लं एकाच सकाळी टोचून घ्या, कुपी बर्फाच्या डब्यातूनच आणा.

तलंगा अंड्यावर आल्या की प्रत्येकीच्या पायात वेगळ्या रंगाची दोरी किंवा बांगडीचा तुकडा घाला आणि कुठली काय रंगाचं अंडं देते ते वहीत लिहा. निळं देणारीचीच अंडी पुढच्या रवणाला. कवचाचं बळ रंगातून येत नाही, ते चुन्यातून येतं, म्हणून शिंपल्याचा चुरा एका करवंटीत कायम भरलेला असू द्या.

विकताना सगळी निळी अंडी एकत्र विकण्यापेक्षा सहाच्या खोक्यात दोन निळी, चार गावरान घाला. कमी अंड्यांत जास्त गिऱ्हाइकं होतात, आणि एखाद्या आठवड्यात निळी कमी पडली तरी ऑर्डर मोडत नाही. खोक्यावर अंडी काढल्याची तारीख आणि गटाचं नाव लिहा. गिऱ्हाइकानं विचारलं, "यात विशेष काय?" तर सांगा, चव तीच, ताकद तीच, कोंबडी वेगळ्या वंशाची आणि आमच्या परसात फिरणारी.